मदत हवी आहे: ग्राफीन ऑक्साइड दिलं की पेशी जास्तच जिवंत दिसताहेत!

नमस्कार मंडळी,

नागपुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा की, कॅन्सरचं औषध ग्राफीन ऑक्साइडच्या (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनच्या) पापुद्र्यांवर बसवून पेशींपर्यंत न्यायचं. पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा आणि दोन्ही बाजूंनी मोकळा, त्यामुळे औषध भरपूर चिकटतं. इथवर सगळं छान.

माल मीच बनवला, हमर्स पद्धतीने (ग्रॅफाइटवर ॲसिड आणि परमँगनेटची प्रक्रिया), तोही मे महिन्यात! सल्फ्युरिक ॲसिडमध्ये परमँगनेट टाकताना तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या आसपास स्फोटक होतं. बाहेर ४५, लॅबमधल्या कूलरचा असून नसून सारखाच उपयोग. शेवटी समोरच्या रसवंतीवरून बर्फाची अर्धी लादी आणली. "कितीक लोकांचा रस काढता बाप्पा?" असं रसवंतीवाल्याने विचारलंच.

आता अडचण. साध्या पाण्यात माल कोऱ्या चहासारखा एकजीव राहतो. सलाइन बफरमध्ये (शरीरातल्यासारख्या खारट द्रावणात) घातला की अर्ध्या तासात तळाशी काळे कण. क्षारांमुळे पापुद्र्यांवरचा ऋण भार झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटतात, हे कळलं. रक्तही खारटच, म्हणजे तिथेही हेच होणार. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने पीईजी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) जोडून यावर मात केली होती. मीही जोडलं, पण सकाळपर्यंत थर बसतोच. पीईजी नीट जोडलं गेलं नाही, की धुताना माझं काही चुकतंय?

खरं रडगाणं पुढे आहे. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एमटीटी हा पिवळा रंग जांभळा करतात) डोस वाढवला तशा पेशी 'वाढल्या'. सर खूश. मला काही पटेना, म्हणून पेशी न घालता नुसतं ग्राफीन ऑक्साइड आणि एमटीटी ठेवून पाहिलं. चार तासांत प्लेटमधले खळगे जांभळे! म्हणजे रंग बदलायचं जे काम जिवंत पेशींनी करायचं, ते माझा मालच करतोय. तीन महिन्यांचे ग्राफ पाण्यात. सरांना अजून सांगितलेलं नाही.

एलडीएच (मेलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजायची चाचणी) करू का? पण या पापुद्र्यांना प्रथिनंही चिकटतात. एन्झाइम त्यांनीच धरून ठेवलं, तर विषारीपणा कमी दिसणार. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रायपॅन ब्लू टाकून सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजणं मला जमेल, पण बाहेरचे परीक्षक तेवढ्यावर मानतील का? तांबड्या पेशी फुटतात का हेही पाहायचंय. सिकलसेलच्या (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) या पट्ट्यात तो प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येणार. तिथे फुटलेल्या पेशींचा लाल रंग मोजतात, मग मालाचा तपकिरी रंग रीडिंगमधून कसा वजा करता?

(गुडघ्याच्या ग्राफीन पट्ट्याबद्दल कृपया इथे विचारू नका, घरचे काका पुरेसे आहेत.)

ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगा. सबमिशनला सहा आठवडे उरलेत आणि सरांची केबिन उद्या अकराला उघडते.