शेंगदाणे नसलेला डबा, आणि साडेतीनची भूक

प्रेषक: किंडरगार्टनवालीची आई, नेटिक
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गणपती गेले, मखर अजून जेवणाच्या टेबलाखाली पडलंय, आणि इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर आमची मोठी किंडरगार्टनला जायला लागली. आजचा पाचवा दिवस. पाचही दिवस डबा जसाच्या तसा परत.

शाळेकडून कागद आला होता. वर्गात शेंगदाणे नकोत, काजू-बदाम नकोत, आणि एका मुलाला तिळाची ॲलर्जी आहे म्हणून तीळही नकोत. कुणाच्या तरी लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे तक्रार नाहीच. पण तो कागद हातात घेऊन ओट्यासमोर उभी राहिले तेव्हा कळलं की आमच्या सोलापूरकडच्या घरात कूट न घालता होणारा पदार्थ म्हणजे चहा. काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, सगळं बाद.

मग मी थर्मासमध्ये वरणभात द्यायला लागले. जेवणाची सुट्टी अकरा दहाला, ती वीस मिनिटांची. त्यातच हात धुणं, रांग लावणं, जागा धरणं. बाईसाहेबांना झाकण उघडत नाही आणि मदतीसाठी हात वर करायची लाज वाटते. घरी येईपर्यंत वरणभाताची वडी पडलेली असते.

साडेतीनला बसमधून उतरते ती रडतच. काल कारण होतं की मोजा पायात वळलाय. शुक्रवारी कारण होतं की मी निळा शर्ट घातलाय. धाकट्याला (वय दोन) झोपेतून उचलून बसस्टॉपवर न्यावं लागतं, म्हणजे तोही रडतो. शेजारीण खिडकीतून बघते आणि हात हलवते. सहाला जेवण, सातला आंघोळ, आणि आता सातलाच बाहेर अंधारून येतंय. जूनमध्ये साडेआठलाही आम्ही बाहेर गवतावर होतो हो!

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. मुख्य म्हणजे कूट नसलेलं, कोरडं, पटकन खाता येईल असं काय देता?


प्रेषक: पहिलीतल्याचा बाबा, श्रूजबरी
बुधवार, १० सप्टेंबर, सकाळी ६:२५

डबा भरता भरताच लिहितोय, घाईबद्दल माफी.

झाकणाचं आधी. गरम अन्न भरून झाकण गच्च लावलं की आतली वाफ आणि हवा हळूहळू गार होते, आतला दाब कमी होतो आणि झाकण खाली ओढलं जातं. पाच वर्षांच्या मनगटाचं ते काम नाही. माझ्या मनगटाचंही कधी कधी नसतं. आम्ही झाकणाभोवती दोन जाड रबरबँड चढवले, तेवढ्याने पकड येते. आणि अन्न भरायच्या आधी थर्मासमध्ये दहा मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून टाका, नाहीतर भातातली ऊब भांडंच खातं. शनिवारी घरी वीस मिनिटांचा गजर लावून रंगीत तालीम करा. आमच्याकडे पहिल्या तालमीत साडेसात मिनिटं डब्याच्या पिशवीची चेन उघडण्यात गेली होती.

तिळासाठी पाकिटं वाचायची सवय लावून घ्या. १ जानेवारी २०२३ पासून तीळ इथे नववा प्रमुख ॲलर्जन झालाय, लेबलवर लिहावाच लागतो. त्याचा उलटाच परिणाम असा झाला की काही बेकऱ्यांनी यंत्रं तिळापासून स्वच्छ ठेवण्याच्या भानगडीत न पडता पावातच थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर तसं लिहून मोकळ्या झाल्या. आदल्या वर्षी चालणारा पाव दुसऱ्या वर्षी चालेनासा झाला तो असा.

कुटाला पर्याय म्हणून सूर्यफुलाच्या बिया भाजून, जाडसर कुटून वापरा. कोशिंबिरीत, भाजीत चालतात. चव अगदी तीच नाही, पण फोडणी नीट असेल तर निभतं. बाईंना चिठ्ठी मात्र द्या, दिसायला ते शेंगदाण्यासारखंच दिसतं.

एक धोक्याची सूचना. मी ते कूट अप्प्यांच्या पिठात घातलं आणि सवयीने सोडाही घातला. रात्री अप्पे छान सोनेरी. सकाळी डब्यात भरायला घेतले तर आतून हिरवेगार, पावसाळ्यातल्या भिंतीसारखे. मला वाटलं बुरशी. सगळे टाकून दिले आणि त्या दिवशी चिरंजीवांना शाळेचा पिझ्झा. मग वाचलं की सूर्यफुलाच्या बियांमधलं एक आम्ल सोड्याशी जुळलं की हा रंग येतो, खायला काही धोका नसतो. चोवीस अप्पे गेले हो.


प्रेषक: आजी, मुक्काम वेस्टबरो (जानेवारीपर्यंत)
बुधवार, १० सप्टेंबर, सकाळी ११:०५

चि. नेटिकच्या आईस,

मुलाच्या मेलवरून लिहिते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घे.

अगं, कूट हे सगळं तुमच्या घाटावरचं. आमच्या मालवणाकडे भाजीत ओलं खोबरं, आमटीत ओलं खोबरं, कोशिंबिरीत ओलं खोबरं. कुटावाचून आमच्या चार पिढ्या वाढल्या आणि कोणी उपाशी राहिलं नाही.

तू घारगे कर. कोरडे, हातात धरून खाता येतात, गार छान लागतात, तीन दिवस राहतात. पण दुकानाबाहेर ते मोठे केशरी भोपळे मांडून ठेवतात ना, ते घेऊ नकोस. गेल्या खेपेला मी मोहाने घेतला. आत नुसतं पाणी आणि दोरे. कणीक घालते घालते तरी सैलच, आणि चव म्हणशील तर नाहीच. ते नक्षी कोरून दारात ठेवायचे भोपळे. तू तो लांबट, खाली फुगलेला, बदामी सालीचा घे. सून म्हणते त्याला बटरनट म्हणतात. नावात नट आहे, भोपळ्यात नाही, हे शाळेत आधीच सांगून ठेव.

साल काढून किसायचा. दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर वाफवायचा, मऊ झाला की वाटीभर चिरलेला गूळ घालायचा, विरघळला की लगेच उतरवायचं. पूर्ण गार होऊ दे. मग चिमूटभर मीठ, जायफळ, मूठभर तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब घालायचा नाही. घट्ट मळायचं, तेलाच्या हाताने थापायचे. तेल फार तापवू नकोस, गूळ असतो, बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. सध्या पितृपंधरवडा आहे, यांच्या तिथीला भोपळ्याची भाजी लागतेच, उरलेल्याचे मी घारगेच करणार आहे.

नातवाला परवा म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट सांगत होते. एरवी मुलं विचारतात, भोपळ्यात म्हातारी मावली कशी? हा म्हणाला, आजी, तो टॉप्सफील्डचा असेल. तिथे ऑक्टोबरात जत्रा भरते, भोपळे वजन करायला क्रेनसारखं काहीतरी आणतात म्हणे. मुलगा सांगतो, २०१२ साली तिथे एक भोपळा २,००९ पौंड भरला, म्हणजे नऊशे किलोच्या वर. त्यात म्हातारी लेकीकडचं तूप-रोटी घेऊन आडवी झोपून आली असती.

लेकराला रागावू नकोस.


प्रेषक: दोन मुलांची आई, ॲक्टन
गुरुवार, ११ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे सल्ले चांगलेच आहेत, पण मी जरा वेगळं बोलते. डब्याचा नाद थोडा सोड. मोठ्याच्या वेळी मी पूर्ण वर्ष डब्यामागे घालवलं. बसमधून उतरला की पहिला प्रश्न, डबा खाल्लास का? त्यानेही धडा घेतला. डबा शाळेतल्या कचऱ्यात टाकून रिकामा आणायला लागला. हे मला मार्चमध्ये कळलं, तेही त्याच्या मित्राच्या आईकडून.

धाकटीच्या वेळी एवढंच बदललं. बसस्टॉपवरून घरी यायचंच नाही. तिथूनच बागेत. जो डबा परत येतो तोच बाकावर उघडायचा, प्रश्न विचारायचा नाही, मी माझी चहाची बाटली उघडायची आणि गप्प बसायचं. तोंडात चार घास गेले की मग मोजे, शर्ट, बाईंनी काय म्हटलं, सगळं आपोआप बाहेर येतं. अकरा दहाला कोणाला भूक असते? माझ्या ऑफिसात त्या वेळी लोक अजून दुसरी कॉफी पीत असतात.

आणि हे आत्ताच कर, कारण उजेड पळतोय. आता सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. २२ तारखेला, म्हणजे घटस्थापनेलाच, दिवस-रात्र सारखे, तेव्हा पावणेसात. ऑक्टोबरच्या शेवटी साडेपाच-पावणेसहा. २ नोव्हेंबरला घड्याळं मागे गेली की एकदम साडेचार. बस येते साडेतीनला, म्हणजे तेव्हा तुझ्या हातात एक तास. आज तुझ्याकडे तीन तास आहेत, ते तू वरणभात गरम ठेवण्यात घालवतेयस.

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायची पद्धत. इथे त्याचं काही जमतच नाही. जूनमध्ये तिन्हीसांजा होतात तोवर मुलं झोपायला आलेली असतात, डिसेंबरात बसमधून उतरून बूट काढेपर्यंत तिन्हीसांजा होऊन गेलेल्या असतात. सासूबाईंनी फोनवर विचारलं की दिवा नक्की किती वाजता लावता? मी म्हटलं, महिना कुठला ते सांगा.

अंधार पडायच्या आत मात्र बागेतून निघा. डास आहेत, पहिलं हिंव पडेपर्यंत राहणार. गेल्या वर्षी त्या ईईईच्या (डासांमुळे होणारा एक मेंदूज्वर) डासांपायी आपल्या राज्यात काही गावांनी संध्याकाळनंतर बागा बंदच ठेवल्या होत्या. आणि पुढच्या महिन्यात मुलं पानांच्या ढिगात उड्या मारतील तेव्हा घरी आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघायची. थंडी आली म्हणजे गोचीड गेली असं इथे नसतं.


प्रेषक: शाळेतली नर्स, फ्रेमिंगहॅम
शुक्रवार, १२ सप्टेंबर, दुपारी १२:५०

आजींचं खोबरं वाचून लिहावंसं वाटलं. नारळ आत्ताआत्तापर्यंत इथल्या सरकारी यादीत काजू-बदामांच्या रांगेत होता, या जानेवारीत काढला. पण शाळेचा नियम शाळेचा. बऱ्याच शाळांतले कागद जुनेच आहेत. खोबरं द्यायच्या आधी तुमच्या नर्सला एक ओळ मेल करा, उत्तर ठेवून द्या.

अजून एक. मुलीला "शेंगदाणे वाईट असतात" असं सांगू नका. मागच्या वर्षी एका मुलाने दुसऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवून वर्गभर ओरडा केला होता. "त्या मित्राला त्रास होतो, म्हणून आपण घरी खातो" एवढं पुरतं. त्यांना कळतं.


प्रेषक: मंडळाचे सचिव
रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मंडळी, चर्चा उत्तम, पण कृपया "सर्वांना उत्तर" दाबून नुसतं "+१" पाठवू नये. काल असे एकोणीस मेल आले. घाट विरुद्ध कोकण हा वाद वेगळ्या विषयाखाली करावा, मी स्वतः देशावरचा असल्याने त्यात भाग घेणार आहे.

दसऱ्याच्या कार्यक्रमाला (शनिवार, ४ ऑक्टोबर) प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लागेल: दाणे आहेत/नाहीत, तीळ आहेत/नाहीत, खोबरं आहे/नाही. मागच्या वर्षी "थोडेसेच आहेत" अशी चिठ्ठी आली होती. तसं चालणार नाही.


प्रेषक: किंडरगार्टनवालीची आई, नेटिक
रविवार, २८ सप्टेंबर, रात्री ९:०५

मंडळी,

उत्तराला उशीर झाला, मध्ये धाकट्याला ताप, मग मला, मग घरातल्या तिसऱ्यालाही. शाळा उघडली की घरात काय काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आजी, घारगे केले. पहिल्या घाण्याचे दोन काळे झाले, तेल तापलं होतं, तुम्ही सांगितलं होतं. घटस्थापनेच्या दिवशी चार दिले. डबा रिकामा आला. ॲक्टनवाल्या ताईंचं वाचल्यामुळे आधी मला संशय आला, पण विचारलं नाही, गप्प बसले, चहा प्यायले. झोक्यावर बसल्यावर स्वतःच म्हणाली, "शेजारच्या मुलीने विचारलं हे डोनट आहे का. मी हो म्हटलं." मग थोड्या वेळाने, "तिला द्यायचं नसतं, रूल आहे. मी एकटीनेच चार खाल्ले." आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

थर्मास मात्र नाहीच उघडला. रबरबँड लावले, ते तिने काढून मनगटात घातले. आता थर्मास कपाटात.

बागेचं जमलंय. धाकटा स्ट्रोलरमध्येच झोपून येतो, त्यामुळे बसस्टॉपवर एकच जण रडतो, आणि तोही रोज नाही. बुधवारी बाकावर आदल्या रात्रीच्या पोळीचा लाडू उघडला. तिने अर्धा खाल्ला, अर्धा भावाला चारला, आणि मेपलचं एक पान माझ्या हातात देऊन विचारलं की याचा हिरवा रंग कुठे गेला. मी सांगितलं, थंडी पडली, दिवस लहान झाला की झाड पानातलं हिरवं मोडून आत घेतं, मग खालचा पिवळा दिसतो. आणि लाल? लाल झाड आत्ताच नवीन बनवतं, पानातल्या साखरेतून. तिने पान चाटून बघितलं.

साडेसहाला निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले. गाडीतच शुभंकरोती म्हटली. धाकट्याला फक्त "कल्याणम्" येतं, तो तेवढंच म्हणाला, जोरात.

ता.क. श्रूजबरीवाले, तुमची हिरव्या अप्प्यांची गोष्ट मी तिला झोपताना सांगितली, ती मोठीच चूक झाली. आता तिला तेच हवेत. आतून पूर्ण हिरवे, अर्धे नाही. बियांचं कूट किती आणि सोडा किती घातला होता, जरा नीट मापाने कळवाल का?