प्रतिसाद: फुगलेला भाग कापून काम होईल का?

वर विचारलंय की बाळाच्या एक्सरेत मोठं आतडं एका जागी फुगलंय तर तेवढाच भाग काढून टाकायचा ना. नाही हो, हर्शस्प्रंग नावाचा आतड्याचा जन्मजात आजार असेल तर खरी गोम त्याच्या खाली असते, जो भाग दिसायला बारीक आणि साधा वाटतो तिथे जन्मापासून चेतापेशीच नसतात, म्हणून तो सैल पडत नाही, शी पुढे सरकत नाही आणि वरचं चांगलं आतडं बिचारं ताणत जातं. नाशिककरांना काय सांगायचं, घोळ द्वारका सर्कलला आणि रांग मुंबई नाक्यापर्यंत!

डॉक्टर लोकांनाही हे कळायला वेळ लागला. ज्यांच्या नावाने हा आजार आहे त्या डॉ. हर्शस्प्रंगनी १८८६ मध्ये केसेस मांडल्या, आणि खालचा भाग काढून वरचं आतडं खाली जोडायचं सर्जन स्वेन्सनचं ऑपरेशन आलं १९४८ मध्ये.

नुसत्या एक्सरेवर थांबू नका, पक्कं निदान गुदाशयाच्या बायोप्सीनेच (छोटा तुकडा काढून तपासून) होतं. आणि जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, घरची मंडळी एरंडेल पाजायच्या मागे असतातच, ते आधी बंद करा.

वरती काकांचा कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) कोणीतरी लिहिलाय, ती गोष्ट वेगळी. त्यात ताप, पोट टम्म आणि आडवं आतडं ६ सेंमीच्या वर गेलं तर टॉक्सिक मेगाकोलनची (मोठं आतडं धोकादायक फुगण्याची) शंका घेतात, तेव्हा जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने अजिबात देऊ नका, सरळ अ‍ॅडमिट करा, रात्र असली तरी.