पहिली-दुसरीच्या मुलांना खेळातून गाणं शिकवतोय. ताल बसतो, सूर बसत नाही. मदत हवी आहे

हलगीवाला:

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे, मुलं तिसाच्या आसपास. वेगळा संगीत शिक्षक नाही, सगळे विषय माझ्याकडेच. तबला शिकलोय, गावच्या भजनात साथीला बसतो, म्हणून यंदा कलेच्या तासिकेला गाणं घ्यायचं ठरवलं. स्नेहसंमेलनापुरतं बसवलेलं गाणं मला नको आहे. पोरांचा कान तयार व्हावा, आणि मोठेपणी कुणी गायला बसलं तर त्यांना थांबून ऐकावंसं वाटावं, एवढी इच्छा आहे.

तालाचं छान चाललंय. आमच्याकडच्या पोरांना हलगीची ओळख करून द्यावी लागत नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा ही बापाच्या खांद्यावर असतात. मी वर्गात हलगी वाजवतो. वाजतेय तोवर चालायचं, थांबली की पुतळा. लय वाढवली की पावलं आपोआप पळतात, उतरवली की जड पडतात. आता त्यात भर घातलीय. जाड काठीचा घुमारा आला की खाली बसायचं, बारीक काडी वाजली की टाचा उंचवायच्या.

दुसरा खेळ खड्यांचा. गोल बसायचं, प्रत्येकासमोर एक खडा. मी तोंडानं केरवा हा आठ मात्रांचा ताल म्हणतो, धा गे न ती, न क धी न. 'धा'ला खडा उचलून उजवीकडच्यासमोर ठेवायचा आणि पाचव्या मात्रेला रिकामा पंजा हवेत उघडायचा. सम (पहिली मात्रा), खाली (रिकामी मात्रा) हे शब्द मी अजून उच्चारलेले नाहीत. पण कुणाचा खडा भलत्या मात्रेला सरकला की शेजारचा त्याचं मनगट धरून ठेवतो आणि 'धा' आल्यावरच सोडतो. हे मी शिकवलेलं नाही, त्यांनीच सुरू केलंय.

अडचण सुराची आहे. गाणं सुरू केलं की निम्मी ओरडतात, बाकीची घशात पुटपुटतात. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे माझा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, आवाज तसा खर्जाकडचा. पेटी आहे, पण माझी नजर पेटीकडे गेली की वर्ग हातातून जातो. मोबाईलवरची बालगीतं लावून पाहिली, त्यावर मुलं नाचतात, गात नाहीत. आणि दोन मुलं अशी आहेत की सगळं गाणं एकाच सुरात म्हणतात, पाढे म्हणावेत तसं. त्यातल्याच एकाला गाण्याची सगळ्यांत जास्त हौस आहे. तासिका कधी आहे हे तोच सकाळी येऊन विचारतो.

तर जाणकारांनी सांगा. सुरुवात सारेगमपासून करू की गाण्यापासून? पट्टी कुठली धरू? त्या दोघांचं काय करू? आणि हे खेळातून कसं साधेल? मधली भिंत पातळ आहे, शेजारच्या वर्गाचाही विचार करावा लागतो.

सुरपेटी:

सर, तुमचे तालाचे खेळ वाचून फार बरं वाटलं. मी प्राथमिकच्या मुलांना बरीच वर्षं गाणं शिकवलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट पट्टीची. पुरुषाची काळी एक मुलांच्या गळ्यापेक्षा पूर्ण एक सप्तक खाली असते. मोठ्या माणसाला तोच सूर वरच्या सप्तकात धरणं सहज जमतं. सहा वर्षांचं पोर मात्र जसा आवाज कानावर पडतो तसाच काढायला जातं. म्हणून काही खाली घरघरतात आणि काही गळा ताणतात. तुमच्या वर्गात जे होतंय त्याचं मोठं कारण हेच असावं.

या वयाच्या मुलांसाठी मधल्या सप्तकातली पांढरी दोन सा धरा. तिथून पंचमापर्यंत (प), फार तर धैवतापर्यंत (ध) त्यांचा गळा आरामात फिरतो. साच्या खाली जाणारं आणि तार सप्तकात उडी मारणारं गाणं सध्या बाजूला ठेवा. सिनेमातली गाणी इथेच अडतात. ती मोठ्या गळ्यासाठी बांधलेली असतात, मुलं आवडीनं म्हणायला जातात आणि निम्म्या ओळीत आवाज फाटतो.

तुम्ही स्वतः गाताना वरच्या सप्तकात, हलक्या खोट्या आवाजात गा. ते अवघड वाटलं तर सुरात असलेल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला ओळ द्यायला सांगा. मुलांना दुसऱ्या मुलाच्या आवाजातून सूर पटकन सापडतो.

आता सारेगम की गाणी? माझं मत स्पष्ट आहे, आधी दोन सूर. पंचम आणि शुद्ध गंधार (ग), वरून खाली. गल्लीत पोरं एकमेकांना लांबून हाका मारतात त्या ऐका, बऱ्याचदा पहिलं अक्षर वर आणि दुसरं साधारण एवढंच खाली असतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीत लहान मुलांची सुरुवात याच दोन सुरांच्या उतरत्या जोडीपासून करतात, पुढे धैवत येतो आणि बाकीचे सूर एकेक करून जोडले जातात. त्यांच्याकडे पाया त्यांच्या लोकगीतांचा आहे, आपल्याकडे तो आपल्या गाण्यांचा ठेवायचा.

हे करायला वेगळा वेळ लागत नाही. हजेरी गाऊन घ्या. तुम्ही नाव म्हणायचं प-ग वर, मुलानं 'हजर' म्हणायचं प-ग वर. पांढरी दोन सा धरला तर पेटीवर पंचम म्हणजे पांढरी सहा आणि गंधार म्हणजे काळी तीन. पेटी दोन बोटांपुरतीच लागेल, नजर मुलांवर राहील. सगळ्यांना जमायला लागलं की 'कोण कोण आलं आज' हे प प ध ध प ग असं म्हणा. रोज प्रत्येक मूल एकटं गातं, तेही नावापुरतं, त्यामुळे लाजायला वेळच मिळत नाही. आणि कोण कुठे आहे ते तुम्हाला रोज कळतं.

ओरडण्याबद्दल: 'मोठ्यानं म्हणा' हे वाक्य गाण्याच्या तासिकेत वापरू नका. परिपाठाला आपण तेच सांगत असतो, म्हणून मुलं गाणं म्हणजे मोठ्यानं म्हणणं असं धरून चालतात. आधी ओठ मिटून गुणगुणायला लावा, मग तोंड उघडून तेवढ्याच आवाजात. शेजारचा वर्गही सुखी राहील.

तंबोरा:

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. सा पक्का नसेल तर प-ग कशाच्या आधारानं म्हणायचं? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या संगीत परीक्षांनाही अलंकार (ठरावीक क्रमानं म्हणायचे सूर) असतातच, आणि ते उगाच नाहीत. रोज थोडा वेळ तंबोरा लावून सा धरायला शिकवा. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं.

दुसरं, तुम्ही कोल्हापूरजवळ आहात. गायन समाज देवल क्लब 1883 पासून शहरात आहे. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायक होते. असल्या गावातल्या मुलांनी खरा तंबोरा एकदा तरी जवळून ऐकला पाहिजे. गाणं शिकणारा एखादा विद्यार्थी तंबोरा घेऊन शाळेत येईल का, अशी शहरात चौकशी करा. तार छेडल्यावर भोपळ्याला हात लावून बघू द्या, सूर हाताला कळतो.

सुरपेटी:

तंबोऱ्याचं म्हणणं मला पटतं. मंद आवाजात तंबोरा मागे चालू ठेवाच, हजेरीच्या वेळीसुद्धा, म्हणजे प-ग ला साचा आधार मिळेल. अलंकारांचा आग्रह मात्र पहिलीत नको. सा सा रे रे ग ग ही घोकंपट्टी सहाव्या वर्षी झाली की गाणं हा आणखी एक अभ्यास होऊन बसतो. तिसरी-चौथीत अलंकार जरूर घ्या. तोवर तेच सूर गाण्यांतून कानात बसलेले असतील, नावं द्यायची तेवढी राहतील.

निशिगंध:

मी गाण्यातली नाही. ती जी दोन मुलं एका सुरात म्हणतात त्यांच्यासाठी लिहितेय.

शाळेत असताना समूहगीताच्या वेळी मला सांगितलं होतं, 'तू रांगेत उभी राहा, पण नुसते ओठ हलव.' मी तेच केलं. त्यानंतर आजपर्यंत चारचौघांत मी गायले नाही. मुलीला अंगाई म्हणतानाही आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघून म्हणायचे. सर, त्या मुलाला हौस आहे असं तुम्ही लिहिलंय. कार्यक्रम कितीही बिघडला तरी चालेल, त्याला ओठ हलवायला सांगू नका.

सुरपेटी:

निशिगंधताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. असं अजूनही होतं.

सर, त्या मुलांना बेसूर समजू नका. बहुतेकांना बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज यातला फरकच अजून सापडलेला नसतो. त्यासाठी माझा आवडता खेळ घाटाचा. फळ्यावर पन्हाळ्याला जाणारा रस्ता काढा, वळणं, चढ, उतार सगळं. एकानं खडू घेऊन त्या रस्त्यावरून गाडी न्यायची आणि बाकीच्यांनी 'ऊऽऽ' करत आवाजानं गाडीमागे जायचं. खडू वर चढला की आवाज वर, उतरला की खाली, थांबला की आहे तिथेच धरून ठेवायचा. यात सूर चुकला असं काही नसतंच, म्हणून ती मुलंही बिनधास्त आवाज लावतात आणि एरवी कधी न गेलेल्या उंचीवर जाऊन येतात.

दुसरी युक्ती. त्याचा सूर जिथे लागेल तिथे आधी आपण जायचं. त्यानं 'हजर' खालीच म्हटलं तर तुम्ही तोच सूर धरून त्याच्याबरोबर म्हणा. आपला आणि सरांचा आवाज एक झाला, हे त्याच्या कानाला पहिल्यांदा कळू दे. मग तिथून दोघं मिळून घाट चढा. त्याला एकट्याला वर बोलावण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

हलगीवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्यातलं थोडं करून बघितलं, ते कळवतो.

मी आता खोट्या आवाजात गातो. पहिल्या दिवशी मुलं हसली, दुसऱ्या दिवसापासून कुणाला काही वाटेनासं झालं. पुटपुटणाऱ्यांपैकी बरीच वर आली, हे तर लगेच जाणवलं. हजेरी गाऊन होते. एक मुलगी तर घरी आईला जेवायला वाढ म्हणून प-ग वरच सांगते, असं तिची आई गेटवर सांगत होती.

घाटाच्या खेळात तो हौशी मुलगा खडू सोडायला तयार नव्हता. शेवटी मीच म्हटलं, खडू माझ्याकडे दे, तू गाडी हो. माझा हात चढावर गेला आणि त्याचा आवाज पहिल्यांदा पाढ्यांच्या सुरातून निघून वर सरकला. गंधारापर्यंत पोचला असेल नसेल, पण सरकला. उतारावर तो बरोबर खालीही आला. हजेरीला अजून खालीच म्हणतो, मी त्याच्या सुरावर जाऊन 'हजर' घेतोय.

निशिगंधताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला, नाव न घेता. समूहगीताला सगळी मुलं गाणार असं ठरलंय.

आता पुढचं विचारतो. हस्त नक्षत्र लागलं की शाळेत हादगा घालतो. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, मुलगेही मागे लागतात. ही गाणी पट्टीत कशी बसवू? मुली फेर धरतात तेव्हा दर कडव्याला सूर वर चढत जातो आणि शेवटी किंचाळणंच उरतं.

सुरपेटी:

हादगा म्हणजे तुमच्या हाती आलेली आयती शिदोरी आहे सर. बहुतेक गाणी चार-पाच सुरांत फिरतात, ओळ परत परत येते, आणि पावलं लयीत पडत असतात. लहान मुलांच्या गाण्यात याहून जास्त काय पाहिजे?

सूर चढतो तो दम लागल्यामुळे आणि लय पळाल्यामुळे. फेराचे दोन भाग करा. अर्धी मुलं गात चालतील, अर्धी उभं राहून टाळ्या देतील, कडव्याला बदली. गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि टाळी देणाऱ्याला ऐकायला मिळतं. दर दोन कडव्यांनंतर तुम्ही पेटीवर फक्त सा द्या, सगळ्यांनी थांबून तो गुणगुणायचा आणि पुन्हा सुरू. लय हलगीवर तुम्ही धरा, म्हणजे पळणार नाही. काठी हलकी ठेवा, नाहीतर मुलं हलगीवर मात करायला बघतील.

आणि खिरापत. झाकलेला डबा हलवून आत काय ते ओळखायचं, हा कानाचाच खेळ आहे. फुटाणे, चुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे, बत्तासे, प्रत्येकाचा आवाज वेगळा. नेहमीसारखी नावं सांगून ओळखू द्याच, पण त्याआधी विचारा: आवाज जाड की बारीक, मोकळा की दबका? तुमच्या हलगीच्या खेळातले प्रश्न तेच आहेत. डबा हलवायला त्या हौशी मुलाला द्या.