न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: माहीतगारांनी तपशिलात लिहावं

चिवट

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरला डॉक्टर मंडळी 'नेट' (एनईटी) म्हणतात. फोनवर नातेवाइकांना सांगितलं की ते विचारतात, 'कुठलं नेट? वायफायचं?' इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्या आजाराचं नाव जाहीर केलं, त्याआधीच मेंदूचा कॅन्सर अशी अफवा पसरली होती, आणि 'न्यूरो' ऐकूनही तसंच वाटतं. तसं नाही. संप्रेरकं सोडणाऱ्या पेशी जठर, लहान आतडं, अपेंडिक्स, गुदाशय, स्वादुपिंड, फुप्फुस अशा अनेक ठिकाणी असतात, त्यातून हा उगवतो. स्टीव्ह जॉब्स यांचाही स्वादुपिंडाचा हाच प्रकार होता, नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर नव्हे. दोन्हींचे उपचार आणि वेग वेगळे, त्यामुळे नुसतं 'पॅन्क्रियाजचा कॅन्सर' यावर थांबू नये.

या चर्चेच्या धाग्याची अट एकच. कुणाला काय झालं, किती रडलो, हे इथे नको. त्यातून हाती लागलेलं, दुसऱ्याला उद्या सकाळी वापरता येईल असं लिहा. सुरुवात मी करतो.

हा आजार हुकतो, कारण त्याचं प्रत्येक लक्षण आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असतं. जुलाब आयबीएसच्या (चिडखोर आतड्याच्या), चेहऱ्याची लाली मेनोपॉजच्या किंवा ॲलर्जीच्या, छातीतली शिट्टी दम्याच्या. फरक बारीक आहेत, पण सांगता येतात. मेनोपॉजच्या झळेला बहुधा घाम सुटतो, या आजारातली लाली बहुधा कोरडी असते. आयबीएसचा माणूस सहसा रात्री झोपतो; इथे जुलाब रात्री दोन वाजता उठवतात आणि उपास केला तरी थांबत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक सापळा म्हणजे आतड्याचा टीबी. लहान आतड्याच्या शेवटी अरुंद झालेली जागा आणि शेजारी गाठी, हे सीटीवर दोन्हींत दिसू शकतं. मग 'टीबीच असणार' म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते. एकेटी मनाने बंद करू नका. पण विचारा: बायोप्सीच्या तुकड्यात किंवा जंतूच्या तपासणीत टीबी प्रत्यक्ष सापडला का? नसेल, तर काही आठवड्यांनी फरक न पडल्यास पुढे काय करायचं ते आजच ठरवून घ्या.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. लाली-जुलाब नाहीत म्हणून हा आजार नाही, असं होत नाही. आतड्यातली गाठ सोडते ते सेरोटोनिन हे संप्रेरक आधी यकृतात जातं आणि तिथे मोडलं जातं. म्हणून ही लक्षणं बहुधा आजार यकृतात पोचल्यावर दिसतात. बऱ्याच जणांना ती कधीच येत नाहीत.

डॉक्टरकडे जाताना पंधरा दिवसांची वही न्या: तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, लाली किती मिनिटं टिकली, घाम होता का, मध्यरात्रीनंतर किती वेळा जावं लागलं. लालीचा मोबाइलवर फोटो काढा. ओपीडीत पोचेपर्यंत चेहरा नेहमीसारखा झालेला असतो.

लॅबवाली

२४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडल्यावर लघवीत उतरणारा पदार्थ. ही तपासणी यंत्रावर कमी आणि कॅनमध्ये जास्त बिघडते.

सकाळी सात वाजता पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून घड्याळ सुरू. मग दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची, ही शेवटची धरून सगळी कॅनमध्ये. एकदा जरी विसरून बाथरूममध्ये गेली, तरी नवा कॅन घेऊन परत सुरुवात करा. 'एकदाच तर हुकली' म्हणून तसंच देऊ नका, आकडा खोटा कमी येतो. जुलाब असतील तर शौचाच्या वेळची लघवी हमखास हुकते. आधी लघवी मगात, मग शौच, हा क्रम ठेवा.

लॅब बहुधा कॅनच्या तळाशी ॲसिड घालून देते. ते पाणी समजून ओतून टाकणारे भेटतात. ते हवंच असतं. थेट कॅनमध्ये लघवी करू नका, शिंतोडे उडून भाजतं. कॅन थंड आणि उजेडापासून लांब ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवायला घरचे नाक मुरडत असतील तर थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून काळी पिशवी गुंडाळा.

आधीचे तीन दिवस आणि गोळा करण्याचा पूर्ण दिवस बंद: केळं, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड, किवी, आलुबुखार, ॲव्होकाडो. केळं सगळ्यांना आठवतं. उपासाचे केळा वेफर्स, शिकरण आणि आमटीतला टोमॅटो विसरतात. आंबटपणाला आमसूल घाला. पॅरासिटॅमॉल, काही खोकल्याची औषधं आणि काही नैराश्यावरच्या गोळ्याही आकडा हलवतात. यादी लॅबला दाखवा, गोळ्या डॉक्टरला विचारूनच थांबवा.

क्रोमोग्रॅनिन ए (या पेशी सोडतात ते प्रथिन) ही रक्ततपासणी तर आपल्या देशात विशेष फसवी, कारण पॅन्टोप्रॅझोल घरोघरी चिवड्यासारखं खाल्लं जातं. ॲसिडिटीच्या या गोळ्यांनी क्रोमोग्रॅनिन कित्येक पट वाढू शकतं. साधारण दोन आठवडे आधी त्या बंद करायच्या असतात. पण गॅस्ट्रिनोमाचा (जठरातलं ॲसिड वाढवणाऱ्या नेटचा) संशय असेल तर अचानक बंद केल्याने अल्सर फुटू शकतो, म्हणून हे घरी ठरवायचं काम नाही.

शंकासुर

म्हणजे गोळ्या बंद करूनही क्रोमोग्रॅनिन जास्तच आलं, तर नेट पक्कं ना?

लॅबवाली

नाही. किडनी कमजोर असली किंवा जठराचं अस्तर झिजलेलं असलं तरी वाढतं. आणि नेट असूनही नॉर्मल येऊ शकतं. निदान झाल्यावर आलेख ठेवायला ते थोडंफार कामाचं. तोही एकाच लॅबचा, दोन लॅबचे आकडे शेजारी लावू नका. पक्कं निदान गाठीचा तुकडा स्लाईडवर सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच.

स्लाईडवाला

ताईंनी चेंडू माझ्याकडे टाकलाच आहे.

सुईने नुसत्या पेशी ओढल्या (एफएनएसी) तर 'न्यूरोएंडोक्राइन वाटतंय' इतपत कळतं. ग्रेड (गाठ किती वेगाने वाढते त्याची पायरी) ठरवायला तुकडा लागतो, म्हणजे कोअर बायोप्सी. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. एक, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिनचे डाग (न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखायचे खास रंग) केले का. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगावर थांबले असतील तर काम अर्धंच झालंय. दोन, 'वेल डिफरन्शिएटेड' (पेशी सुघड) की 'पुअरली' (बिघडलेल्या). तीन, केआय-६७ चा टक्का, म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण.

पचनमार्ग आणि स्वादुपिंडाच्या गाठींसाठी: ३ % च्या खाली ग्रेड १, ३ ते २० % ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. पण वीसच्या वरही दोन वेगळी घरं आहेत. पेशी सुघड असतील तर तो ग्रेड ३ चा नेटच. बिघडलेल्या असतील तर न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, त्याचा वेग आणि केमो वेगळी. हीच गल्लत सगळ्यात महाग पडते. फुप्फुसाच्या गाठीचं वर्गीकरण वेगळं आहे, तिथे हे आकडे लावू नका.

केआय-६७ सर्वांत दाट डाग पडलेल्या जागी किमान ५०० पेशी मोजून काढायचं असतं. 'सुमारे ५ %' असं नजरेने लिहिलेलं असेल तर मोजून मागा. तुकडा इवलासा असेल तर खरा ग्रेड त्याहून वरचा निघू शकतो.

दुसरं मत घ्यायचं तर कागद पुरत नाही, ब्लॉक लागतो. ब्लॉक म्हणजे मेणात पुरलेला तुकडा, काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या कॅसेटवर. तो रुग्णाला मिळतो. लॅबमध्ये अर्ज आणि सही करून घ्या. तिथल्या तिथे ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी ताडून बघा. आणि मे महिन्यात चंद्रपूरहून मुंबईला निघाला असाल तर ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेणच आहे ते. हातातल्या पिशवीत ठेवा.

परळकर

पुढचा टप्पा गॅलियम-६८ डोटाटेट पेट सीटी, म्हणजे किरणोत्सारी गॅलियम टोचून काढलेला स्कॅन (कुठे डोटानॉक, कुठे डोटाटॉक, काम तेच). साध्या पेट स्कॅनमध्ये साखर वापरतात. संथ वाढणारा नेट साखर फारशी खात नाही, म्हणून साधा पेट 'स्वच्छ' येऊ शकतो. डोटा स्कॅन पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर (ते पकडणाऱ्या जागा) दाखवतो. ग्रेड चढा असेल तर दोन्ही स्कॅन लागतात. साखरेच्या पेटला सहा तास उपाशी राहावं लागतं, डोटाला सहसा नाही. सेंटरला विचारून घ्या, उगाच मधुमेही माणसाला उपाशी बसवू नका.

गॅलियमचं अर्धं आयुष्य सुमारे ६८ मिनिटं. तुम्ही तासभर उशिरा पोचलात तर तुमच्यासाठी काढलेला डोस जवळपास निम्मा झालेला असतो. लोकलचा मेगाब्लॉक बघून निघा.

ऑक्ट्रिओटाइडचं (गाठीची संप्रेरकं दाबणारं औषध) महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर स्कॅनची तारीख पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी घ्या. रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाच्या 'अन्सिनेट प्रोसेस'मध्ये (डोक्याकडच्या टोकात) चमक लिहिली असेल तर घाबरण्याआधी विचारा. तिथे निरोगी माणसातही चमक दिसते.

नर्सताई

ऑक्ट्रिओटाइड एलएआर, दर २८ दिवसांनी, नेहमीचा डोस ३० मि.ग्रॅ. महाग औषध, आणि वाया जातं ते शेवटच्या दहा मिनिटांत.

फ्रिजमधून (२ ते ८ अंश) काढून अर्धा ते एक तास बाहेर ठेवा. गार पावडर नीट भिजत नाही. द्रव बाटलीच्या कडेने सोडायचा, मग बाटली हलवायची नाही. दोन ते पाच मिनिटं तशीच उभी. तळाला कोरडी पावडर दिसली तर आणखी थांबा. मग आडवी गोल फिरवत दुधासारखं एकसारखं करायचं, आणि लगेच द्यायचं. वाट बघत सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली की औषध खाली बसतं, सुई तुंबते आणि अर्धा डोस सुईतच अडकतो. जागा फक्त कुल्ला, खोल स्नायूत, एकदा डावा एकदा उजवा. दंडात नाही. त्याच जातीचं दुसरं औषध, लॅनरिओटाइड १२० मि.ग्रॅ., तयार सिरिंजमध्ये येतं; ते कातडीखाली खोल, सुई पूर्ण आत, सावकाश वीसेक सेकंद.

जवळच्या दवाखान्यात देणार असाल तर तिथल्या सिस्टरला खोक्यातला चित्रांचा कागद आधी वाचायला द्या. त्यात कमीपणा काही नाही. एसटीने आणताना औषध आइसपॅकला चिकटवू नका, गोठलं की गेलं. मधे टॉवेलची घडी.

या औषधाने पित्ताशयात खडे होतात आणि साखर वरखाली होते, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी आणि साखर. लाली-जुलाब असणाऱ्यांनी टूडी इकोही विसरू नये: सेरोटोनिन हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड करतं.

आणि फाइलच्या कव्हरवर लाल शाईत लिहा (कार्सिनॉइड हे लाली-जुलाबवाल्या नेटचं जुनं नाव): 'कार्सिनॉइड. भूल देण्याआधी ऑक्ट्रिओटाइड तयार ठेवा.' भूल, बायोप्सी किंवा ॲड्रिनॅलिनमुळे रक्तदाब एकदम कोसळू शकतो. दात काढताना देतात त्या सुन्न करायच्या इंजेक्शनमध्येही ॲड्रिनॅलिन असू शकतं. दातांच्या डॉक्टरला कॅन्सरचं सांगायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अन्नपूर्णा

जुलाब दोन जातींचे, औषध वेगळं. पाण्यासारखे आणि उपाशीपोटीही होणारे हे संप्रेरकाचे. तेलकट, फिके, उग्र वासाचे, तरंगणारे, फ्लश करूनही न जाणारे हे चरबी न पचल्याचे, आणि बऱ्याचदा ते आजाराने नव्हे, वरच्या इंजेक्शनने होतात, कारण स्वादुपिंडाचे पाचकरस कमी होतात. डॉक्टरला 'जुलाब' एवढंच सांगितलं तर इंजेक्शनचा डोस वाढतो आणि तेलकट शौच आणखी बिघडतं.

त्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल. पहिल्या घासाबरोबर, जेवण लांबलं तर मधे आणखी. जेवणानंतर पान-सुपारीसारखी घेतली तर निम्मा उपयोग गेला. कॅप्सूलमधले दाणे गरम वरणात मिसळू नका, एन्झाइम मरतं.

सेरोटोनिन बनवायला गाठ ट्रिप्टोफॅन (अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक) वापरते, त्यातून बी-३ जीवनसत्त्व कमी पडतं. उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागावर, मानेभोवती, हातांवर काळपट खरखरीत पट्टे आले तर नुसतं क्रीम चोळू नका, बी-३ बद्दल विचारा. दारू, झणझणीत तिखट आणि एकदम भरलेलं मोठं ताट यांनी लाली उसळते. पाच लहान जेवणं बरी.

निद्रानाश

इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडणारा स्वादुपिंडाचा नेट, राहिलाच. बहुतेक वेळा साधी गाठ, पण निदानाचे हाल तेच. पहाटे किंवा जेवण लांबलं की साखर उतरून माणूस बरळतो, ओळखत नाही, कधी झटका येतो. फिटच्या गोळ्या सुरू होतात, नाहीतर अंगात आलं म्हणून अंगारा.

त्या क्षणी साखर भरवण्याआधी ग्लुकोमीटरवर थेंब घ्या, दहा सेकंदांचं काम. मग लगेच साखर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. कमी आकडा, लक्षणं आणि साखरेने उतार, या तिन्हींची नोंद झाली की पुढे रुग्णालयात ७२ तासांपर्यंतचा उपास. साखर ५५ मि.ग्रॅ.च्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट/मि.ली. किंवा वर आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) ०.६ नॅनोग्रॅम/मि.ली. किंवा वर असेल तर शरीर स्वतःच नको तेव्हा इन्सुलिन सोडतंय. त्याच रक्तात मधुमेहाच्या गोळ्यांचा अंश तपासायचा. घरात आजोबांच्या गोळ्या असतात, चुकून पोटात गेलेल्या असू शकतात.

शंकासुर

ल्युटेशियमबद्दल, म्हणजे गाठींना आतून जाळणाऱ्या त्या किरणोत्सारी औषधाबद्दल, कुणी लिहीना?

परळकर

लिहितो. डोटा स्कॅनवर गाठी ठळक पेटल्या तरच उपयोग; स्कॅन फिका असेल तर हट्ट धरू नका. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे हे उपचार होतात. रूढ पद्धत २०० मिलिक्युरीचे चार डोस, साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने. किडनी वाचवायला लायसिन-आर्जिनिनची सलाईन बरोबर चालते. पोट ढवळतं ते बहुधा त्या सलाईननं, ल्युटेशियमनं नव्हे. उलटीचं औषध आधी मागा. प्रत्येक डोसआधी सीबीसी आणि क्रिएटिनिन.

औषध लघवीतून बाहेर पडतं. घरी आल्यावर पुरुषांनीही बसून लघवी, दोनदा फ्लश, कपडे वेगळे. लहान मुलं आणि गरोदर बाईपासून किती दिवस लांब राहायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. ल्युटेशियमचं अर्धं आयुष्य साडेसहा दिवसांच्या वर, त्यामुळे पुढचे काही आठवडे विमानतळावरचा रेडिएशन डिटेक्टर वाजू शकतो. सेंटरचं पत्र चेक-इनच्या बॅगेत नव्हे, खिशात ठेवा.