मदत हवी आहे: घरी केलेल्या छोट्या टेबलाची फळी फाटली, दुसऱ्याचे पाय डुलतात

नमस्कार. वर्षभरात घरी दोन छोटी टेबलं केली आणि दोन्ही बिघडली. तिसरं आईच्या पलंगाशेजारी ठेवायचं आहे, म्हणून या वेळी आधी विचारून मगच करवत हातात घेणार आहे.

पहिलं सागवानाचं. तीन फळ्या कडेला कड लावून डिंकाने जोडल्या, २० इंच लांब आणि १६ इंच रुंद टॉप झाला. खाली ३ इंची आडपट्ट्यांची चौकट, चार कोपऱ्यांत पाय. टॉप जराही हलू नये म्हणून चौकटीच्या चारही कडांवर भरपूर डिंक लावून तो चिकटवला, शिवाय आतून आठ स्क्रू मारले. तेव्हा हवा दमट होती. चार महिन्यांनी कोरडे दिवस आले आणि एका रात्री टणकन आवाज झाला. सकाळी पाहते तर टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत चीर. तीही जोडावर नाही, जोडाशेजारी अख्ख्या लाकडात!

मला वाटलं, चौकटीनेच फळी आवळून धरली. म्हणून दुसऱ्या टेबलाला चौकट केलीच नाही. पाय थेट टॉपखाली धरून वरून प्रत्येकात दोन लांब स्क्रू पिळले. टॉप शाबूत आहे, पण टेबल डुलतं. स्क्रू आवळले की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. आता दोन स्क्रू नुसतेच फिरतात.

आईचे गुडघे दुखतात, उठताना ती टेबलावर हात टेकवणारच. त्यामुळे डुलणारं टेबल मला तिच्याजवळ नको आहे. माझ्याकडे हातकरवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, ड्रिल आणि फक्त दोन क्लॅम्प (जोड आवळून धरणारे शिकंजे) आहेत. चौकट करू की नको? केली तर टॉप तिला कसा बसवू? आणि पहिल्या टेबलाची चीर लांबी (पुट्टी) भरून मिटवता येईल का?

प्रतिसाद

चौकट कराच. तुमच्या टेबलात दोष चौकटीचा नव्हता, डिंकाचा होता.

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. पण हे होतं लाकडाच्या रेषांना आडवं, म्हणजे फळीच्या रुंदीत. लांबीत फरक पडतो तो नगण्य. १६ इंच रुंद सागवानी टॉप दमट ते कोरड्या हवेत सहज दोन-तीन मिलिमीटर आत येतो. तुमच्या दोन टोकांच्या आडपट्ट्या मात्र त्याच दिशेला लांबीत धावतात, त्या तसूभरही आकसत नाहीत. त्यांच्यावर टॉप चिकटवलेला, त्याला आत यायचं आहे, येता येत नाही. मग तो फाटतो. आणि नीट बसलेला डिंकाचा जोड आजूबाजूच्या लाकडापेक्षा पक्का असतो, म्हणून चीर जोडाशेजारी पडली. फळ्या तुम्ही उत्तम जोडल्या होत्या.

तेव्हा टॉप आणि चौकट यांच्यामध्ये डिंकाचा थेंबही नको. एल-पट्ट्या (काटकोनात वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या) लावा, पण टॉपमध्ये जाणारा स्क्रू ज्या भोकातून जातो ते लांबट करा, लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेने. कानस नसेल तर ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ७-८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि वॉशर घाला. स्क्रू बसेल इतकाच आवळा. टोकाच्या दोन्ही आडपट्ट्यांच्या मध्यावर एकेक स्क्रू साध्या घट्ट भोकातून घ्या, म्हणजे टॉप मध्याशी जखडून राहील आणि दोन्ही कडांना सारखा सरकेल.

दुसऱ्या टेबलाचं निदान सोपं आहे. पायाच्या टोकातून उभा आत गेलेला स्क्रू रेषांना समांतर शिरतो, तिथे लाकूड त्याचे आटे नीट धरत नाही. पाय डुलला की भोक सैल, भोक सैल झालं की पाय आणखी डुलतो. आडपट्टी ३ इंच रुंद असली की पायाला वरपासून खालपर्यंत ३ इंच टेकू मिळतो. डुलणं थांबवते ती ही रुंदी.

आडपट्टी पायाला जोडायला कुसू आणि खाच (आडपट्टीचं कोरलेलं टोक पायातल्या खाचेत बसवणं) जमत असेल तर उत्तमच. नाहीतर ८ मिलिमीटरचे डॉवेल, म्हणजे लाकडी गोल खुंट्या, प्रत्येक जोडाला दोन. एक लक्षात ठेवा: ४० मिलिमीटर जाड पायात दोन बाजूंनी डॉवेल येतात आणि एकाच उंचीवर असतील तर आत एकमेकांना भिडतात. एका बाजूचे थोडे वर, दुसऱ्या बाजूचे थोडे खाली घ्या.

प्रतिसाद

आईंच्या वापराबद्दल एक सांगते, कारण माझ्या घरी हे घडलं आहे. जोड कितीही पक्के असले तरी एवढं हलकं टेबल कडेवर भार आला की उलटतं. पाय आत घेऊ नका, अगदी कोपऱ्यांत ठेवा, टॉप बाहेर कमीत कमी काढा. उंची गादीच्या वरच्या पातळीला ठेवली तर झोपल्या झोपल्या हात पोचतो. मागची आडपट्टी भिंतीला दोन एल-पट्ट्यांनी बांधून टाका. आणि उठायला आधार म्हणून भिंतीत पक्का दांडा वेगळा बसवा, ते काम टेबलाकडून करून घेऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मी चुकीच्या गोष्टीला दोष देऊन चौकटच काढून टाकली होती, हे आत्ता कळतंय. दांड्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. तो आधी बसवते.

अजून दोन शंका. दोन क्लॅम्पमध्ये चारही बाजू कशा धरू? आणि जुन्या चिरेचं काय?

प्रतिसाद

चारही बाजू एकदम धरायच्याच नाहीत. दोन पाय आणि एक आडपट्टी अशी एक बाजू आधी जोडा, तिला दोन क्लॅम्प पुरतात. ती रात्रभर वाळू द्या, मग समोरची बाजू. शेवटी उरलेल्या दोन आडपट्ट्या घालून उभं करा आणि दोरीचे वेढे घाला, वेढ्यात काठी अडकवून पीळ द्या. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरी लाकडात रुतते. डिंक ओला असतानाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दाबून आत घ्या. हे सगळं एकदा डिंकाशिवाय करून बघा, घाई होत नाही.

चिरेत लांबी भरू नका. दमट दिवसांत फळी फुगली की चिरेला मिटायला जागा उरत नाही आणि ताण दुसरीकडे जातो. स्क्रू काढा, पातळ पात्याच्या करवतीने टॉप आणि चौकट यांच्यामधला डिंक कापा. टॉप मोकळा झाला की चीर बरीचशी आपोआप मिटेल. मग तीत डिंक घालून क्लॅम्पने आवळा आणि टॉप सांगितल्याप्रमाणे परत बसवा.

टॉपला तेलाचे किंवा पॉलिशचे वरून जितके हात द्याल तितकेच खालूनही द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून ओल आत-बाहेर होते आणि फळी वाकते. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, मगच टाका.

धागाकर्ती

भिंतीतला दांडा बसला, आई तो वापरते आहे. जुना टॉप कापून मोकळा केला तेव्हा चीर डोळ्यांदेखत निम्म्याहून जास्त मिटली, उरलेली क्लॅम्पने आली.

नव्या चौकटीचे कर्ण पहिल्यांदा ५ मिलिमीटरने वेगळे आले, दाबून १ वर आणले. एक पाय किंचित आखूड निघाला. टेबल सपाट काचेवर ठेवून आखूड पायाखाली पुठ्ठ्याच्या चकत्या सरकवल्या, टॉप समतल झाला. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवली आणि रेघेवर कापलं. आता चारही पाय टेकतात. उद्या तेलाचा पहिला हात, वरून आणि खालूनही.