दुडक्या चालीत मांड (घोड्यावरची बैठक) स्थिर राहण्यासाठी घरी कोणते व्यायाम करावेत?

प्रश्न
मी आठवड्यातून एकदा घोडेस्वारी शिकायला जाते. एरवी दिवसभर खुर्चीवर बसून काम असते. घोडा दुडक्या चालीवर आला की मी खोगिरावर आदळते, टाचा वर येतात आणि रिकीब (पाऊल ठेवायची कडी) निसटते. ‘मांड्या आवळू नका’ असे प्रशिक्षक सांगतात. पण न आवळता तोल सांभाळायचा कसा? घोड्याविना करता येतील असे व्यायाम कृपया सुचवावेत.

प्रतिसाद १
दुडक्या चालीत घोड्याचे तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतील पाय जोडीने पडतात आणि त्या प्रत्येक ठेक्याला बसणारा हिसका स्वाराच्या कमरेत व खुब्यांत जिरावा लागतो. मांड्या आवळल्या की खुबे जखडतात, बैठकीची हाडे खोगिरापासून उचलली जातात आणि पुढच्या ठेक्याला स्वार आदळतो. बैठ्या कामामुळे खुब्यांच्या पुढचे स्नायू आखडलेले असण्याचा संभव मोठा, म्हणून ताकद वाढवण्याआधी ते मोकळे करावेत, असे माझे मत आहे. एक गुडघा जमिनीवर टेकवून दुसरे पाऊल पुढे ठेवावे आणि पाठीला बाक न देता कंबर सावकाश पुढे न्यावी. मांड्यांच्या आतल्या बाजूसाठी बद्धकोनासन (तळपाय जुळवून, गुडघे बाजूंना सोडून बसणे) पुरेसे आहे. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडल्याने पोटऱ्या सैल होतात. मात्र घोड्यावर टाच जोराने दाबू नये.

प्रतिसाद २
यात धडाच्या स्थैर्याची भर घालावीशी वाटते. व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर आरशासमोर बसून, खांदे न झुकवता, आलटून पालटून एकेक पाऊल किंचित उचलून पाहावे. आपण एका बाजूवर अधिक भार टाकतो का, हे तेथे लगेच कळते आणि प्रशिक्षकाने ओरडून सांगण्यापेक्षा ते बरे. चेंडू नसल्यास उताणे झोपून, हात-पाय वर उचलून, कंबर जमिनीला टेकलेली ठेवून, विरुद्ध हात-पाय हळूहळू खाली न्यावेत.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. जवळच मल्लखांबाचा वर्ग चालतो. त्याचा उपयोग होईल का?

प्रतिसाद १
पोट, पाठ आणि शरीराचे भान यांसाठी निश्चितच होईल. परंतु मल्लखांबावर मांड्यांची पकड हा मोठा आधार असतो आणि आपल्याला तर तीच सवय मोडायची आहे. त्यामुळे तूर्त खुबे मोकळे करण्यावर भर द्यावा आणि प्रशिक्षक तयार असल्यास, त्यांनी लांब दोरीवर धरलेल्या शांत घोड्यावर, रिकिबीविना, आधी संथ चालीतच बसून पाहावे.