मदत हवी आहे: पावसाळ्यात लेकीच्या डोक्यातला कोंडा हटेना

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. लेक नववीत आहे, केस कमरेपर्यंत. जून लागला की तिच्या डोक्यात कोंडा होतो, तो थेट नवरात्रापर्यंत. यंदा फारच वाढलाय. फणी फिरवली की दातांत पिवळट, तेलकट पापुद्रे अडकतात, कानामागे कातडी लाल झालीये. रात्री झोपेतही खाजवते बिचारी.

सकाळी साडेसहाला शाळेची गाडी येते, त्यामुळे ओल्या केसांच्याच दोन वेण्या घालाव्या लागतात. संध्याकाळी सोडल्या की आतून कुबट वास येतो. माझ्या मते मूळ तिथेच आहे.

सासूबाई रोज रात्री खोबरेल चोळतात, मायेनेच. पण डॉक्टरांनी सांगितलं, कोंड्याची बुरशी टाळूच्या तेलावरच पोसते, तेल बंद करा. त्यांनी २ टक्के किटोकोनाझोलचा (बुरशी मारणारं औषध) शांपू दिलाय, आठवड्यातून दोनदा, फेस ५ मिनिटं ठेवून धुवायचा. तीन आठवड्यांत खाज निम्मी झाली. मध्ये पाहुणे आले, दोन वेळा राहिलं, की पुन्हा सुरू!

ज्यांच्या मुलींचे केस लांब आहेत त्यांनी सांगा, या दमट हवेत ते सुकवता कसे? रोज ड्रायर चालतो का? कोंडा गेल्यावर शांपू एकदम बंद केलात की आठवड्याला एकदा चालू ठेवलात? आणि तेल नाही म्हणून सासूबाईंना न दुखावता कसं सांगू? केस कापायला लेक तयार नाही, मलाही ते नकोय.